घोड्याचा हुकूम

मष्णू हवालदाराकडे एकाच आठवड्यात दोन निरोप आले, आणि दोन्ही ऐकून त्याच्या बायकोनं, जयाबाईनं, देवापुढं साखर ठेवली. पहिला निरोप कोगनोळीहून, व्याह्यांचा. तुळशीचं लग्न उरकलं की आठव्या दिवशी तुमच्या मनूचं आणि आमच्या भरमूचं उरकून टाकू, हळद कांडायला घ्या. दुसरा बेळगावच्या लष्करी कॅम्पातून, लाल शिक्क्याचा. बसऱ्याकडच्या वेढ्यात पलटणीचे जे शिपाई उपाशी मेले त्यांची चौकशी करायला विलायतेहून एक मोठा साहेब येतोय, तेव्हा त्या वेढ्यातून जे जगून आले त्यांनी हजर राहून खरं काय ते सांगावं.

"बगा, आता सरकारबी तुमची गोष्ट ऐकाय बोलावतंय," जयाबाई म्हणाली. मष्णूनं मिशीवर हात फिरवला आणि लाल शिक्क्याचा कागद घडी करून बंडीत खोल सरकवला.

आता ही गोष्ट काय ते आधी सांगतो. सन एकोणीसशे सोळाच्या सुरुवातीला तिकडं नदीकाठच्या एका ठाण्यात ही पलटण अडीच महिने अडकून पडली. चारी बाजूंनी तुर्क, मधे हे. पीठ संपलं, डाळ संपली, तेव्हा साहेबलोकांनी घोडी कापायला काढली. गोऱ्या शिपायांनी खाल्ली. आपले मराठे बकरं सोडत नाहीत, रानडुक्कर दिसलं तर त्याच्यामागं चार कोस पळतात, पण घोडा म्हणजे जोतिबाचं वाहन, खंडोबाचं वाहन. दसऱ्याला ज्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, त्याला चुलीवर कसं चढवायचं? कुणी तोंड लावलं नाही. एकतीस जण भुकेनं गेले, पण धर्म राखून गेले. ही झाली गावात सांगायची गोष्ट.

मष्णू ती झकास सांगायचा. खानापूर तालुक्यात अशी जत्रा नव्हती जिथं त्याला पारावर बसवून ती सांगायला लावली नाही. पहिल्या वर्षी त्यातलं घोडं म्हणजे साधं तट्टू होतं, दुसऱ्या वर्षी ते अरबी झालं, आणि रश्श्याचा वास तर दर खेपेला आणखी लांबून यायला लागला. "धर्मापुढं भूक काय करती?" असं म्हणून तो थांबला की म्हातारी माणसं माना डोलवायची. गुरव मानाचा नारळ त्याच्या हातात द्यायचा आणि न्हावी बाकीच्यांना बसवून ठेवून आधी त्याची दाढी करायचा. एवढा मान फुकटात मिळत असताना कोण शहाणा उठून सांगेल की बाबांनो, मी खाल्लाय?

खाल्ला होता. चुकून एकदा नव्हे, चांगला पंधरा-सोळा वेळा. भर दुपारी, खाटकाच्या छपरामागं, एका गोऱ्या आचाऱ्याशी संधान बांधून, पत्र्याच्या डब्यातून. चव विचाराल तर थोडी गोडसर. जगून आला तो त्या डब्यावर. जगलेल्यांत असे आणखी किती होते ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

आणि खरं दुखणं पुढंच आहे. कोगनोळीच्या व्याह्यांचा, परशराम आप्पांचा, थोरला मुलगा ज्योतिबा त्याच वेढ्यात गेला होता. मनू त्याच्या धाकट्या भावाला, भरमूला, द्यायची हे दोघं पाळण्यात असल्यापासून ठरलेलं, म्हणून पलटणीत ज्योतिबा मष्णूला मामा म्हणायचा. पोरगा गेल्यापासून परशराम आप्पा निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात मान ताठ करून फिरत. "आमचं पोरगं मेलं, पण बाटलं न्हाय," हे त्यांचं वाक्य आता सगळ्या मुलखाला पाठ झालं होतं. अशा घरात बाटलेल्याची लेक जाणार. कळलं तर मांडवाचे खांब तिथंच उपटणार, आणि मोडलेल्या लग्नाच्या पोरीला पुन्हा कोण विचारतंय. मष्णूनं मनाशी ठरवलं, बेळगावला जायचं, साहेबाला सलाम ठोकायचा, गावातली गोष्ट सांगायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

बेळगावच्या कॅम्पात सुभेदार मारुतीराव आधीच येऊन थांबले होते. पेन्शनीत निघाले तरी त्यांच्या आवाजातली कवायत गेली नव्हती. चौदा जण जमले होते, त्यांना त्यांनी चिंचेखाली ओळीत उभं केलं.

"ऐका रं. आपलं कप्तान साहेब आता मेजर झालेत, तेबी आलेत. त्यांनी रिपोटात लिवलंय, शिपायांनी धर्मापायी मांस नाकारलं, मी लई समजावलं. तसंच सांगायचं. त्यांचीबी अब्रू ऱ्हाती, तुमचीबी ऱ्हाती. कळलं?"

कळायला काय, सगळ्यांना आनंदानं कळलं. कप्तानाची सबब आणि गावाची अब्रू एकाच मापाची निघाली, दोघांनाही झकास बसत होती. मेलेले एकतीस जण तेवढे विचारायचे राहिले, पण ते थोडेच उठून हरकत घेणार होते.

मष्णू निर्धास्त होऊन मांडवात शिरला आणि जागच्या जागी थबकला. पुढच्या सतरंजीवर परशराम आप्पा बसले होते, डोक्याला नवा लाल पटका. सरकारनं मेलेल्या शिपायांच्या घरच्यांनाही त्याच दिवशी बोलावलं होतं, मुलांच्या नावाच्या सनदा द्यायला. आप्पांनी हात वर करून "या पावणं" म्हणून हाक मारली. बायकांच्या बाजूला विहीणबाई, अंबुबाई, डोईवरून पदर ओढून बसल्या होत्या. शेजारची एकजण त्यांना म्हणत होती, "आक्का, पोटी असं पोरगं यायला पुण्याई लागती." अंबुबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सनद हातात आली तशी त्यांनी ती न उघडता कुणातरी पोराच्या हाती देऊन नवऱ्याकडं धाडून दिली. दुःखानं करत असतील, असं मष्णूला वाटलं.

चौकशीचा साहेब वयस्क होता, अंगानं किरकोळ, मिशा पांढऱ्या. लष्करातला नव्हता, साध्या कोटात होता. सरकारनंच सरकारच्या कप्तानाला जाब विचारायला माणूस पाठवावा, हे मष्णूला मोठं नवल वाटलं. आमच्याकडं पाटलानं पाटलाला विचारल्याचं कुणी ऐकलंय? साहेबाच्या उजव्या हाताला बेळगावचे हरिभाऊ वकील दुभाषी म्हणून बसले होते आणि डाव्या हाताला कप्तान साहेब, पायावर पाय टाकून.

एकेक शिपाई पुढं जायचा. साहेबाचे प्रश्न तीनच. उपाशी होतास का? कप्तानानं खायला सांगितलं होतं का? मग का नाही खाल्लंस? आणि उत्तरंही तीनच. व्हय साहेब, सांगितलं हुतं साहेब, धर्म साहेब. सहाव्या शिपायापर्यंत हरिभाऊंनी प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर इंग्रजीत करायला सुरुवात केली. बाराव्याला तर त्यांना जांभई आली.

मष्णू तेरावा. त्याचीही तिन्ही उत्तरं सरळ पार पडली. सलाम ठोकून तो वळणार, इतक्यात साहेबानं चष्मा पुसला आणि कप्तानाच्या रिपोर्टातला एक कागद काढून हरिभाऊंपुढं सरकवला. हरिभाऊंनी तो मराठीत वाचला. "सगळ्यांत हट्टी शिपाई ज्योतिबा परशराम. यानं भर दरबारात उठून इतरांना मांस न खाण्याबद्दल चिथावलं. पुढे जी माणसं दगावली त्यांचा मोठा दोष या शिपायाकडे जातो. हवालदार, हे तुझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे का?"

मागून आप्पांचा आवाज आला, "आमचाच त्यो." त्यांची छाती फुगली होती. एकतीस मरणांचं ओझं आपल्या मेलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवतायत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच येत नव्हतं. त्यांना त्यात शाबासकीच दिसत होती.

मष्णूनं "बरोबर हाय" म्हणायला तोंड उघडलं. एक शब्द म्हटला की मनूचं लग्न सुखरूप होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"खोटं हाय, साहेब."

सुभेदार मारुतीराव मागं जोरात खोकले. मष्णूचा आता धीर सुटला होता की आला होता ते त्यालाच कळत नव्हतं, पण जीभ थांबेना.

"साहेब, आमच्या पलटणीत म्हैन्यातनं एकदा दरबार भरतो. त्यात कुठल्याबी शिपायानं उठून साहेबाला तोंडावर इचारावं, त्याला शिक्षा न्हाय. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी असा दरबार भरला हुता. ज्योतिबा उठला. म्हणाला, साहेब, पोरं मराय लागली. आम्ही खायला तयार हाय, पण आमच्यात पहिला घास घ्यायला कोण धजंना. एकट्यानं खाल्लं तर गावात एकट्याला वाळीत टाकतील. तुम्ही हुकूम काढा, समद्यांपुढं वाचून दाखवा. हुकूम झाला की आम्ही सगळी एका पंगतीला बसून खातो. घरला गेल्यावर कुणी इचारलं तर सांगू, सरकारचा हुकूम हुता. गंगेचं पाणी शिंपडून घेऊ, गावजेवण घालू, मिटलं."

"मग कप्तान काय म्हणाले?"

"म्हणाले, धर्माच्या कामात मी हुकूम देत न्हाय. ज्याची त्याची मर्जी." मष्णूनं कप्तानाकडं एकदा पाहिलं. "मर्जीवर सोडलं तिथंच मेलो, साहेब. शेजारचा काय म्हणंल म्हणून आमच्यात मर्जीनं कोण शिंकतबी न्हाय."

कप्तान साहेब लाल होऊन उठले आणि भराभर इंग्रजीत बोलले. हरिभाऊंनी सांगितलं ते असं, की बारा माणसं एक सांगतात आणि हा एकटाच दुसरं. हाच हवालदार आत्ता म्हणाला की धर्मामुळं खाल्लं नाही. शिपाई खायला तयार होते याला पुरावा काय? साहेबानं कप्तानाला बसायला लावलं, पण मष्णूकडं वळून प्रश्न तोच केला. "हुकूम असता तर शिपाई खाणारच होते, हे तू कशावरून सांगतोस? तू खाल्लं असतंस?"

मष्णूनं मागं पाहिलं. आप्पांचा पटका, त्याच्या पलीकडं अंबुबाईंचा पदर. घरी जयाबाईनं हळद कांडून ठेवली असणार, आणि मनू त्या हळदीच्या डब्याभोवती घुटमळत असणार. त्याला पोरीची इतकी दया आली की डोळे भरले.

"खाल्लं असतं न्हाय, साहेब. खाल्लंय."

हरिभाऊ भाषांतर करायचंच विसरले. साहेबानं दोनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं. मांडवात कुजबुज उठली. तेवढ्यात आधी उत्तर देऊन बसलेला एक शिपाई उठला, खानापूरकडचाच, म्हणाला, "मीबी." त्याच्यामागं आणखी एक उठला. साहेबाची नजर फिरत फिरत मारुतीरावांवर जाऊन थांबली. सुभेदारांनी छाती काढून सलाम ठोकला आणि म्हणाले, "आपण नुसता रस्सा, साहेब."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुभेदारांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो मांडवाबाहेरच गेला.

साहेब मात्र हसला नाही. त्यानं आपल्या दप्तरातून एक तार काढली. हरिभाऊंकडून पंचांग बघवून महाशिवरात्रीची इंग्रजी तारीख काढून घेतली, ती तारेवरच्या तारखेशी ताडून पाहिली आणि कप्तानाला विचारलं, "घोड्याचं मांस खाण्याचा हुकूम देण्याची परवानगी वरून तुम्हाला दरबाराच्या आठवडाभर आधीच मिळाली होती. ती तुम्ही वाचून का दाखवली नाहीत?"

कप्तानांनी तार हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "तीत लिहिलंय, तुमच्या जबाबदारीवर. उद्या सरकारनं धर्मात हात घातला म्हणून बोभाटा झाला असता तर फासावर मी गेलो असतो." घ्या. म्हणजे शिपाई कप्तानाच्या हुकुमाची वाट बघत होते, आणि कप्तान वरच्याच्या. प्रत्येकाला आपल्या पानावर दुसऱ्याची सही हवी होती. साहेबानं पुढं कितीतरी वेळ लिहिलं, रिपोर्टातल्या ज्योतिबाच्या ओळीवर स्वतःच्या हातानं उभी-आडवी काट मारली, आणि चौकशी संपली असं सांगितलं. कप्तान साहेब कुणाकडंही न बघता निघून गेले.

मष्णू बाहेर येऊन चिंचेखाली उभा राहिला. परशराम आप्पा ताडताड चालत आले. पटका मागं सरकला होता.

"लगीन मोडलं, पावणं. आमच्या घरात असलं चालत न्हाय."

"व्हय, आप्पा," मष्णू म्हणाला.

तेवढ्यात अंबुबाई आल्या. विहिणीनं व्याह्यासमोर पदराआडून सुद्धा बोलायचं नाही, कुणातरी पोराला मधे घालून निरोप द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्या सरळ मष्णूपुढं येऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर आला होता, तो सावरला नव्हता.

"ज्योतिबा खायला तयार हुता?"

"व्हय, आक्का. पहिल्या पंगतीला बसला असता."

"कवा गेला?"

"होळीच्या आदी तीन दिवस. पाडव्याला वेढा उठला."

अंबुबाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग विचारलं, "तुम्ही खाईत हुतासा, त्ये त्याला ठावं हुतं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. ज्योतिबाला दिलं होतं, त्यानं नको म्हटलं, एवढं म्हणायचा अवकाश. साक्षीदार कुणी नव्हता. मष्णूनं खाली बघत सांगितलं, "न्हाय. दुसऱ्या कुणाला एखाद वेळेस सांगितलंबी असतं. त्याच्यापासनं मुद्दाम लपवलं. तुमच्या घरचा पोरगा. त्यानं घरला कळवलं तर मनूचं लगीन मोडंल, ही भीती. माझ्या पोरीपायी मी तुमच्या पोराला उपाशी ठेवलं, आक्का."

"ऐकलंस?" आप्पा गरजले. "ह्याच्या पोरीला सून म्हणून आणायची व्हय?"

"तुम्ही जरा गप ऱ्हावा," अंबुबाई म्हणाल्या. असं त्या लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच म्हणत असाव्यात, कारण आप्पा खरोखरच गप्प झाले.

"दोन वर्सं झाली," त्या मष्णूला म्हणाल्या, "मी पोरावर राग धरून हाय. बायका म्हणायच्या, लई पुण्यवान तू. मी त्याच्या नावाचा घास ठेवताना मनात म्हणायची, आईपरास घोडं मोठं झालं व्हय रं तुला? खाऊन यायचं न्हाईस? मला त्याचं त्वांड आठवाय नको वाटायचं. मेलेल्या लेकरावर दोन वर्सं राग धरला मी." त्यांना रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. "त्याला घरला यायचं हुतं. एवढं कुणी सांगितलं न्हाय मला."

मष्णूही रडत होता. मोठ्या मिशांचा माणूस रडायला लागला की बघणाऱ्याला कसंतरीच होतं, त्यामुळं आजूबाजूचे लोक पांगले.

"तुमच्यावरबी राग हाय," अंबुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यो असा जायाचा न्हाय. पण मनूला आमच्या घरला पाठवायची. ठरल्या दिवशी." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "ह्यांनी लपवलं ते कुणाच्या भ्यानं? कप्तानाच्या न्हाय. आपल्या घराच्या भ्यानं. आणि पोरगं हुकूम मागत बसलं तेबी आपल्याच भ्यानं. तुर्कानं नुसता वेढा घातला हुता."

परशराम आप्पांनी पटका काढून हातात घेतला. डोकं अर्धं पांढरं झालेलं होतं. ते चिंचेच्या मुळीवर बसले. बोलले तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता.

"खाऊन आला असता तर काय मी त्याला घरात घेतला नसता व्हय? माझं पोरगं त्ये. घेतलाच असता की."

"मग तसं त्याला लिवायचं हुतं," अंबुबाई म्हणाल्या.